नापास कसं होता येतं?

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमची कंपनी गाड्यांचे शीट मेटलचे पार्ट बनवते. तिथे मी नऊ वर्षं डिस्पॅच आणि बिलिंग बघते. इनव्हॉइस काढणं, ई-वे बिल, ट्रान्सपोर्टवाल्याची एलआर (लॉरी रिसीट), आणि महिनाअखेरीला कस्टमरने परत पाठवलेल्या मालाच्या डेबिट नोटा आमच्या इनव्हॉइसशी जुळवत बसणं. या शेवटच्या कामाला अडीच दिवस जायचे. एक्सेलचे दोन शीट शेजारी शेजारी उघडायचे, व्हीलुकअप हा जुळणी शोधणारा फॉर्म्युला लावायचा आणि जे जुळणार नाही ते डोळ्यांनी शोधायचं.

काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात कंपनीने ईआरपी, म्हणजे सगळे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर, बदललं. ते बसवायला पुण्याहून एक मुलगा आला होता, असेल तेवीस-चोवीसचा. त्याने माझ्याच खुर्चीवर बसून चार ओळी टाइप केल्या आणि माझे अडीच दिवस स्क्रीनवर सात सेकंदांत उतरले. मी बघतच राहिले. तो म्हणाला, "काही नाही ताई, दोन टेबलांवर जॉइन मारलाय फक्त." त्याला चहा दिला आणि त्याच्याकडून त्या चार ओळी कागदावर लिहून घेतल्या. तो कागद अजून ड्रॉवरमध्ये आहे.

त्या ओळी एसक्यूएलमध्ये होत्या, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत. तिथून पुढे सहा महिन्यांत ती बऱ्यापैकी जमायला लागली. घरी मिस्टर म्हणाले, "येतंय ना तुला? मग डिग्री कशाला परत?" प्रश्न बरोबर होता. पण डेटा अ‍ॅनालिस्टच्या जागेला अर्ज भरायला घेतला की शिक्षणाच्या रकान्यात बीई, एमसीए, बीएस्सी कॉम्प्युटर असे पर्याय यायचे आणि बीकॉमला 'इतर' निवडावं लागायचं. 'इतर'वाल्यांना कोणी फोन करत नाही हे तीन महिन्यांत कळलं.

नोकरी सोडता येणार नव्हती. मुलगी दुसरीत, घराचा हप्ता चालू. म्हणजे डिग्री ऑनलाइनच.

मी एका ठिकाणी फक्त मोबाइल नंबर टाकला, तर दुसऱ्या दिवशी अकरा फोन. मला वाटतं माझा नंबर त्यांनी आपसात वाटून घेतला असावा. सगळ्यांची सुरुवात एकच: "मॅडम, करिअर काउन्सिलर बोलतोय." एकाने मला 'ऑनलाइन बीटेक' देऊ केलं. दुसऱ्याचं ऑफिस कॉलेज रोडला एका कपड्याच्या दुकानावर होतं, तिथे मी शनिवारी जाऊन आले. काचेचं केबिन, भिंतीवर पाच-सहा विद्यापीठांचे लोगो. समोरचा मुलगा अदबीने बोलत होता. एमसीए, दोन वर्षं, एक लाख वीस हजार, हप्त्याची सोय. मी विचारलं, परीक्षा कशी असते? तो हसून म्हणाला, "त्याचं टेन्शन घेऊ नका मॅडम. आपल्याकडे कोणी नापास होत नाही."

त्याला वाटलं मला धीर आला. मला मात्र आमच्या क्वालिटीच्या टेबलावरचा गो-नो-गो गेज आठवला, पार्ट मापात आहे की नाही एवढंच सांगणारा. ज्या गेजमधून प्रत्येक पार्ट 'गो' जातो, तो गेज झिजलेला असतो. ऑडिटला आलेला माणूस आधी तोच बाजूला काढून ठेवतो.

त्यानंतर मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायला लागले: तुमच्याकडे नापास कसं होता येतं? बहुतेक जण गडबडायचे. एकाने तर फोन ठेवला.

बीटेकचं प्रकरण आमच्या प्लँट हेड साहेबांनी एका वाक्यात निकालात काढलं. म्हणाले, "पैसे घालवायचे असतील तर कर." त्यांच्या आधीच्या कंपनीतल्या एका सुपरवायझरने नोकरी करता करता अशीच पत्राद्वारे इंजिनिअरिंगची डिग्री घेतली होती. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. काही अभिमत विद्यापीठांनी परवानगी नसताना दूरशिक्षणातून दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्या त्यात अडकल्या. 2001 ते 2005 मध्ये प्रवेश घेतलेल्यांना पुन्हा परीक्षा देऊन पदवी वाचवायची संधी मिळाली, त्यानंतरच्यांच्या पदव्या रद्दच झाल्या. त्या सुपरवायझरचं प्रमोशन त्या पदवीवर झालं होतं, पुढचं साहेबांनी सांगितलं नाही. इंजिनिअरिंग आजही दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवायला परवानगी नाही. बीसीए, एमसीए, बीएस्सी चालतं.

मग मी यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, नियम वाचायला घेतले. जीएसटीची परिपत्रकं वाचायची सवय असल्याने जड गेलं नाही. 2020 च्या नियमावलीत 'मुक्त व दूरस्थ' आणि 'ऑनलाइन' हे दोन वेगळे प्रकार आहेत. बाहेर सगळे त्याला ऑनलाइनच म्हणतात, त्यात घोळ होतो. दूरस्थमध्ये पुस्तकं येतात, अभ्यास केंद्र असतं, आणि राज्याच्या विद्यापीठाला आपली हद्द ओलांडता येत नाही. ऑनलाइनला हद्द नाही. दोन्हीकडे फ्रँचायझीला बंदी आहे. कॉलेज रोडच्या त्या केबिनमधले लोगो मला तेव्हा पुन्हा आठवले. शिवाय मान्यता विद्यापीठाला एकदा मिळाली की झालं असं नसतं. कोणत्या सत्रासाठी, कोणता कोर्स, कोणत्या पद्धतीने, हे यूजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोच्या, म्हणजे डीईबीच्या, यादीत बघायचं. त्या मुलाने सांगितलेलं विद्यापीठ यादीत होतं, एमसीएही होतं. पण ब्रोशरवरच्या 'एमसीए इन एआय'मधलं एआय यादीत कुठे नव्हतं.

नियमाप्रमाणे या पदव्या नेहमीच्या कॉलेजच्या पदवीच्या बरोबरीच्या आहेत. सरकारी फॉर्मपुरतं ते ठीक. खासगी कंपनी मात्र आपली अट आपण लावते. काही मोठ्या आयटी कंपन्यांच्या फ्रेशर भरतीत 'ओन्ली फुल टाइम कोर्सेस' अशी सरळ ओळ असते, ती मी स्वतः वाचलीय. माझ्या मामेभावाची बायको हिंजवडीत एचआरला आहे, तिने स्पष्ट सांगितलं, "ताई, फ्रेशरच्या रांगेत तू उभीच राहू नकोस. तू नऊ वर्षं डिस्पॅच बघितलंय, ते आणि डेटा असं दोन्ही येणारं माणूस शोधणाऱ्या कंपन्या असतात. तिथे डिग्री फक्त गेटवर दाखवायला लागते. आतला इंटरव्ह्यू तुलाच द्यायचाय." हे ऐकून माझं अर्धं ओझं उतरलं. कुठल्या डिग्रीला जास्त किंमत, हा प्रश्न मागे पडला. मी शिकेन का, हा उरला.

पर्याय तीन राहिले: एमसीए, बीसीए आणि आयआयटी मद्रासचा ऑनलाइन बीएस.

एमसीए दोन वर्षांत होतं, म्हणून पहिला ओढा तिकडे. इथे माझा सोळाव्या वर्षीचा एक निर्णय आडवा आला. अकरावी कॉमर्सला मॅथ्स की एसपी, असं विचारतात. एसपी म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती, कंपनीच्या सेक्रेटरीने शेअरहोल्डरला पत्र कसं लिहावं वगैरे. वर्गातल्या सगळ्या मुलींनी एसपी घेतलं, मीही घेतलं. पुढे एफवायबीकॉमला पुन्हा विचारलं, बिझनेस मॅथ्स की कॉम्प्युटर कन्सेप्ट्स. मी हौसेने कॉम्प्युटर घेतला. आता एमसीएच्या पात्रतेत लिहिलेलं होतं: बारावीला किंवा पदवीला गणित. म्हणजे कॉम्प्युटर घेतला म्हणून कॉम्प्युटरचा दरवाजा बंद! काही विद्यापीठं गणित नसणाऱ्यांना ब्रिज कोर्स, म्हणजे आधी गणिताचा छोटा कोर्स, देऊन घेतात, तिथे अर्ज भरायला सुरुवात केली.

तर नावाने खोडा घातला. 2024 पासून अशा प्रवेशांना डीईबी आयडी लागतो, त्याच्या आधी एबीसी आयडी, म्हणजे पास झालेल्या विषयांचे क्रेडिट जमा होण्याचं खातं, आणि ते आधारवरून निघतं. आधारवर माझं सासरचं नाव, बीकॉमच्या सर्टिफिकेटवर माहेरचं. मधलं नाव वेगळं, आडनाव वेगळं. आमच्याकडे लग्नात बायकांचं नाव बदलायला पाच मिनिटं लागतात, भटजी तांदळात अंगठीने लिहायला लावतात की झालं. कागदावर ते पटवायला मला तीन आठवडे लागले, विवाह नोंदणीचा दाखला, प्रतिज्ञापत्र, सगळं. लग्न झालेल्या ज्या बायका हे वाचत असतील त्यांनी कोर्स शोधायच्या आधी हे कागद काढून ठेवावेत.

दुसरा पर्याय घरातलाच. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आमच्या नाशिकचंच, 1989 चं. सासूबाईंनी तिथून बीए केलंय, चाळिशीनंतर. त्यांचं म्हणणं, एवढं दारात विद्यापीठ असताना तू मद्रासला कशाला चाललीस? एका रजेच्या दिवशी त्यांना स्कूटीवर मागे बसवून गंगापूर रोडने निघाले. आनंदवल्ली, सोमेश्वर मागे टाकलं की रस्ता मोकळा होतो, सिंहस्थाच्या कामांची खोदाईही तिकडे कमी होती. गोवर्धनजवळ धरणाच्या अलीकडे तो परिसर आहे. सासूबाई गेटपाशी उतरून साडी सारखी करत म्हणाल्या, "ज्ञानगंगा घरोघरी, हे खरं होतं बरं का. पुस्तकाचं पार्सल आलं की मी आधी हात धुऊन यायचे." त्यांनी भांडी घासता घासता घोकलेलं अर्थशास्त्र मला तिथे उभ्यानेच ऐकवलं.

बीसीएची माहिती घेतली. फी परवडणारी, केंद्र जवळ, परीक्षेला जायला अर्धा तास. बीसीए इग्नूचंही, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचंही, आहे, तिथे असाइनमेंट आणि जून-डिसेंबरची परीक्षा, दोन्हीला वजन. दोन्ही ठिकाणी नापास होता येतं, हे मी आवर्जून विचारून घेतलं. बीसीए करण्यात वाईट काहीच नव्हतं. माझी अडचण वेगळी. घरी पुस्तक आलं तर ते मी रविवारी उघडेन, असं मीच मला सांगणार आणि मार्चएंडला ते फ्रिजवर पडलेलं सापडणार. सासूबाईंची चिकाटी माझ्यात नाही. माझ्या मागे कोणीतरी दर आठवड्याला तारीख घेऊन उभं पाहिजे.

तिसरा पर्याय आयआयटी मद्रासचा बीएस, डेटा सायन्स अँड अ‍ॅप्लिकेशन्स. 2020 मध्ये सुरू झालेला. यात जेईई नाही, वयाची अट नाही. दहावीला गणित आणि इंग्रजी पाहिजे, बारावी कुठल्याही शाखेची चालते. माझ्या एसपीला पहिल्यांदा कोणीतरी नाव ठेवलं नाही! दीर म्हणाले, "जेईई न देता आयआयटी? वहिनी, मग आम्ही कोट्याला काय भाजी विकत होतो?" पण जेईईऐवजी तिथे क्वालिफायर आहे. आधी चार आठवडे शिकवतात: गणित, स्टॅटिस्टिक्स, कॉम्प्युटेशनल थिंकिंग आणि इंग्रजी. दर आठवड्याला असाइनमेंट. त्यात पुरेसे मार्क असले तर केंद्रावर जाऊन चार तासांचा पेपर. तो पास झालात तर प्रवेश, नाहीतर नमस्कार. डिग्रीचे एकूण 142 क्रेडिट. पण मध्ये थांबायच्या जागा आहेत: फाउंडेशन, मग डिप्लोमा, मग 114 क्रेडिटला बीएस्सी, मग पूर्ण बीएस. मी बघितलं तेव्हा फाउंडेशनचा एक क्रेडिट हजार रुपयांना होता, आठ विषयांचे 32 हजार, आणि जेवढे विषय घ्याल तेवढेच पैसे. उत्पन्न आणि प्रवर्गाप्रमाणे सवलतही आहे.

पसंत पडलं ते हे की प्रवेशाआधी स्वतःची परीक्षा होते. एक लाख वीस हजार भरून वर्षाने कळण्यापेक्षा चार आठवड्यांत कळलेलं बरं. शेवटी एमसीएचा अर्ज अर्धवट ठेवून मी क्वालिफायरचा भरला.

ते चार आठवडे! सकाळी साडेचारला उठायचे. व्हिडिओ इंग्रजीत, बोलण्याचा वेग चांगलाच, मी थांबवत थांबवत वहीत मराठीत लिहायचे. कॉम्प्युटेशनल थिंकिंगमध्ये पहिले काही आठवडे कॉम्प्युटर नाहीच. कार्ड असतात. एका गठ्ठ्यात विद्यार्थ्यांचे मार्क, दुसऱ्यात एका उताऱ्यातले शब्द, तिसऱ्यात दुकानाची बिलं. एक कार्ड उचला, बघा, बाजूला ठेवा, पुढचं उचला. सगळ्यात मोठं बिल कुठलं? कुठलं गिऱ्हाईक दोन दुकानांत गेलं?

मी मुलीच्या कटिंगसाठी ठेवलेल्या जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून चाळीस कार्डं कापली आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर मांडली. डावीकडे 'न बघितलेली', उजवीकडे 'बघितलेली'. एका कागदावर मॅक्स, सुरुवातीला शून्य. कार्ड उचललं, रक्कम मॅक्सपेक्षा मोठी असेल तर खोडून नवी लिहायची. दहाव्या-बाराव्या कार्डाला लक्षात आलं, अरे, हे तर मी नऊ वर्षं करतेय. डेबिट नोट उचल, इनव्हॉइसच्या गठ्ठ्यात शोध, जुळली की टिक मार, बाजूला ठेव. फक्त त्याला फिल्टर म्हणतात, इटरेटर म्हणतात हे माहीत नव्हतं. आणि दोन गठ्ठे असतील, तर पहिल्यातल्या प्रत्येक कार्डासाठी दुसरा अख्खा गठ्ठा फिरावा लागतो. अडीच दिवस का लागायचे ते त्या फरशीवर बसून कळलं. सासूबाई दूध तापवायला आल्या तर त्यांनी पाय कुठे ठेवू म्हणून विचारलं.

गणिताने मात्र घाम काढला. सेट, फंक्शन, सरळ रेषा, मग वर्गसमीकरण, मग पॉलिनॉमियल, आठवड्याला एकेक. दहावीनंतर पंधरा वर्षांनी मी स्लोप काढत होते. मिस्टर सातपूरला क्वालिटीत आहेत, ड्रॉइंग वाचायची सवय, त्यांनी सरळ रेषेपर्यंत साथ दिली. पॉलिनॉमियलच्या आठवड्यात ते म्हणाले, "मी भांडी घासतो, तू बघ."

पेपर झाला. निकाल आला. एकूण मार्क 50 टक्क्यांच्या वर, इंग्रजी, स्टॅट्स, कॉम्प्युटेशनल सगळे बरे. पण प्रत्येक विषयात निदान 40 पाहिजेत, आणि गणितात 36. नापास.

त्याच संध्याकाळी कॉलेज रोडवाल्या मुलाचा फोन. "मॅडम, लास्ट दोन सीट राहिल्यात, ब्रिज कोर्स आपण फ्री देतोय." द्वारका सर्कलला गाडी बाजूला घेऊन मी तो अख्खा ऐकला. खरं सांगते, त्या दहा मिनिटांत मी हो म्हणण्याच्या बेतात होते. कोणीतरी मला घ्यायला तयार आहे, एवढंच पुरे होतं. ट्रॅफिकच्या आवाजात त्याचं एक वाक्य ऐकू आलं नाही, मी म्हटलं काय, तो म्हणाला, "म्हणजे असाइनमेंटचंही आपण बघून घेऊ." मी थँक्यू म्हटलं. घरी येऊन मिस्टरांना सांगितलं, "36 मिळाले." ते म्हणाले, "चारच कमी? एसपीवालीला पंधरा वर्षांनी 36 म्हणजे चांगलेच की."

पुढच्या खेपेला पुन्हा फॉर्म भरला. या वेळी फक्त गणिताचीच जास्त तयारी, दहावीच्या बालभारतीपासून. शेजारच्या सोसायटीतल्या एका निवृत्त सरांकडे महिनाभर रात्री नऊला जाऊन बसायचे, त्यांनी पैसे घेतले नाहीत, फक्त अट घातली की उत्तर सांगायच्या आधी आलेख काढायचा. गणितात 58 आले.

आता फाउंडेशनच्या चौथ्या टर्मला आहे. वर्षात तीन टर्म, प्रत्येकीत मी दोनच विषय घेते. मार्चएंडला तर एकच घेतला होता. या वेगाने बीएस्सीपर्यंत पोचायला किती वर्षं लागतील त्याचा हिशोब मिस्टरांनी एकदा कॅलेंडरच्या मागे मांडला होता, मी तो पूर्ण होऊ दिला नाही. कमाल मुदत आठ वर्षांची आहे तेवढी लक्षात ठेवलीय. केंद्रावरच्या परीक्षा रविवारी असतात, त्यामुळे दोन साखरपुडे आणि एक जागरण-गोंधळ हुकला. नातेवाइकांत 'ही आयआयटीला आहे' असं एक मावशी सांगत फिरतात, त्यांना बीएस आणि बीटेकमधला फरक समजावणं मी सोडून दिलंय. कंपनीत परत आलेल्या मालाचा रिपोर्ट आता माझी एसक्यूएलची क्वेरी काढते. पगार अजून तोच आहे.

पायथनच्या विषयात घरून कॅमेऱ्यासमोर बसून द्यायची एक प्रोग्रामिंग परीक्षा असते. गेल्या टर्मला तिच्यात मी पडले, आणि तो विषय या टर्मला पुन्हा घेतलाय. प्रश्न येत होता, पण डिक्शनरीत, म्हणजे नावासमोर किंमत ठेवायच्या यादीत, एकच नाव (key) दोनदा आलं तेव्हा काय करायचं यात वीस मिनिटं गेली. आता येत्या शनिवारी पुन्हा आहे. आमच्या सिडकोत पाऊस आला की नेट जातं, म्हणून इंदिरानगरला भावाकडे जाऊन बसणार आहे. वहिनीने पोरांना त्या दोन तासांसाठी पांडवलेण्यांना न्यायचं कबूल केलंय.